चाकाचे फेरे, पायांचे फेरे

सिंगापूरचा नकाशा समोर धरला की डाव्या हाताला अगदी टोकाशी तुआस दिसते. पलीकडे जोहोरची सामुद्रधुनी आणि तिच्यावरून मलेशियात जाणारा, १९९८ साली खुला झालेला दुसरा पूल. घर घ्यायला तुआसला कोणी येत नाही, येतात ते कामाला. जहाजांच्या गोद्या, औषधांचे कारखाने, शहराचा कचरा जाळून वीज काढणारे प्रकल्प, समुद्राचे पाणी गोडे करणारा देशातला पहिला कारखाना आणि सप्टेंबर २०२२ मध्ये रीतसर उद्घाटन झालेले महाबंदर, असा सगळा पसारा इथे मांडलेला आहे. बंदराचे काम २०४० च्या दशकात पुरे झाले की तिथे वर्षाला वीस फुटी मापाचे साडेसहा कोटी कंटेनर हाताळता येतील, अशी योजना आहे.

आठवडाभर या रस्त्यांवर ट्रेलरचे राज्य असते. रविवारी पहाटे मात्र ट्रेलर कमी होतात आणि सायकली उतरतात. तुआसची बरीचशी जमीन समुद्रात भर घालून मिळवलेली, त्यामुळे रस्ते रुंद, सरळ आणि सपाट. तुआस साउथकडचा दिव्याचा खांब क्रमांक १ हे सिंगापूरच्या सायकलस्वारांचे कित्येक वर्षांचे देवस्थान. तिथे फोटो काढल्याशिवाय अनेकांची बेटाची प्रदक्षिणा पुरी होत नाही. ही प्रदक्षिणा रस्त्याने साधारण १२० ते १३० किलोमीटरची होते. कोणी रॅफल्स मरीनाच्या दीपगृहापर्यंत येऊन मागे फिरतो, कोणी पुढे जातो.

नोकरीनिमित्त सिंगापुरात आलेला, पुण्याला किंवा नाशिकला सायकल चालवायची सवय असलेला माणूस इथे आला की आधी खूश होतो. कात्रजचा घाट नाही, कसाऱ्याचा चढ नाही. आख्ख्या देशातली सर्वात उंच नैसर्गिक जागा म्हणजे बुकित तिमाहची टेकडी, तीही १६४ मीटरच्या आतली. मग तो हँडलवर कॉम्प्युटर लावतो, चाकाला वेगाचा आणि क्रँकला कॅडन्सचा, म्हणजे पायडलच्या फेऱ्यांचा, सेन्सर बसवतो, आणि थोड्याच दिवसांत बुचकळ्यात पडतो. जाताना ३८ चा वेग, येताना २२ चा. रस्ता तोच, पाय तेच. यंत्र बिघडले म्हणावे तर तसेही दिसत नाही.

यंत्र बिघडलेले नसते. दोन सेन्सर दोन वेगळ्या गोष्टी सांगत असतात आणि आपण त्यांतल्या एकाच गोष्टीकडे बघत असतो. या प्रकरणात हे सेन्सर मोजतात काय, चुकतात कुठे आणि दोन आकड्यांपैकी भरवसा कोणावर ठेवायचा, हे पाहू.

मोजणी फार जुनी

चाकाचे फेरे मोजून अंतर काढायची युक्ती रोमन काळापासूनची आहे. व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने अशा गाडीचे वर्णन लिहून ठेवले आहे: चाकाला दातेरी चक्रांची मालिका जोडायची, आणि एक मैल पुरा झाला की एक खडा खालच्या भांड्यात टणकन पडायचा. मुक्कामाला पोहोचल्यावर खडे मोजले की झाले.

सायकलीलाही हा हिशेब चिकटला. अमेरिकेत हार्टफर्डच्या कर्टिस व्हीडरने १८९५ मध्ये सायक्लोमीटर बाजारात आणला. चाकाच्या आऱ्याला एक छोटी खुंटी लावायची; दर फेऱ्याला ती चिमट्यावर बसवलेल्या यंत्राच्या चांदणीसारख्या चक्राला टिचकी मारायची आणि आतले आकडे पुढे सरकायचे. वेग कळत नसे, अंतर कळे.

पुढे खुंटीची जागा लोहचुंबकाने घेतली. आऱ्याला चुंबक आणि चिमट्याला काचेच्या नळीत बंद केलेल्या लोखंडाच्या दोन पातळ पट्ट्या. चुंबक जवळून गेला की पट्ट्या एकमेकींना टेकतात, विजेचे मंडल पुरे होते आणि एक फेरा नोंदला जातो. दोन फेऱ्यांमधला वेळ मोजला की वेगही निघतो. आधी हा निरोप वायरने हँडलपर्यंत जायचा. मग वायर गेली आणि छोटा रेडिओ आला. या पहिल्या पिढीच्या बिनतारी यंत्रांना अंतर फार चालत नसे, आणि शेजारून दुसरा सायकलवाला गेला तर त्याचे फेरे तुमच्या खात्यात जमा होण्याचीही शक्यता असे.

आजच्या सेन्सरमध्ये बहुधा चुंबक नसतो. रबरी पट्ट्याने चाकाच्या हबला बांधलेली लिंबाएवढी डबी स्वतःच चाकाबरोबर गरगर फिरते आणि आतल्या सूक्ष्म संवेदकांवरून आपला एक फेरा कधी पुरा झाला ते ओळखते. कॅडन्सची डबी डाव्या क्रँकच्या आतल्या अंगाला बसते, कारण उजवीकडे दातेरी चकत्या आणि चेन असते. पायडल एकदा पूर्ण फिरले की एक फेरा. मिनिटाला असे जितके फेरे तितका कॅडन्स.

डबी काय पाठवते

आपली समजूत अशी असते की चाकावरची डबी वेग पाठवते आणि हँडलवरचा पडदा तो दाखवतो. प्रत्यक्षात डबीला वेग ठाऊकच नसतो. ती दोनच आकडे पाठवते: आजवर झालेले एकूण फेरे, आणि शेवटचा फेरा पुरा झाला ती वेळ. वेळ मोजायचे तिचे मापही गमतीचे आहे. एका सेकंदाचे १,०२४ भाग करून ती त्या भागांत बोलते.

एक उदाहरण घेऊ. पडद्याकडे एक निरोप आला, आणि थोड्या वेळाने दुसरा. दोन्हींमध्ये ४ फेऱ्यांचा आणि १,२४० भागांचा फरक आहे. चाकाचा परिघ २,१०५ मिलिमीटर धरला तर ४ फेऱ्यांत सायकल ८.४२ मीटर पुढे गेली. १,२४० भागांना १,०२४ ने भागले की १.२१ सेकंद. म्हणजे सेकंदाला ६.९५ मीटर, ताशी २५ किलोमीटर. हँडलवरचा कॉम्प्युटर हा भागाकार-गुणाकार सतत करत असतो. डबी फक्त मोजते.

या पद्धतीत एक शहाणपण आहे. निरोप एकूण फेऱ्यांचा असल्यामुळे मधले दोन-चार निरोप हवेत विरले तरी हिशेब बिघडत नाही; पुढचा निरोप पोहोचला की राहिलेले अंतर आपोआप भरून निघते. ही देवाणघेवाण २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालते, जिथे वायफायही असते आणि ब्लूटूथही, त्यामुळे गर्दी ठरलेलीच. सायकलींसाठी तिथे दोन भाषा रूढ आहेत. एक अँट प्लस, जिच्यामागची अँट ही पद्धत कॅनडातल्या डायनास्ट्रीम कंपनीने घडवली. ही कंपनी २००६ मध्ये गार्मिनने घेतली. दुसरी कमी विजेवर चालणारी ब्लूटूथ, जी २०१० साली ब्लूटूथच्या चौथ्या आवृत्तीबरोबर आली. अँट प्लसवरचा सेन्सर आकाशवाणीसारखा सगळ्यांना ऐकवतो: हँडलवरचा कॉम्प्युटर आणि मनगटावरचे घड्याळ दोघेही एकाच वेळी ऐकू शकतात. ब्लूटूथवर मात्र बरेच सेन्सर एका वेळी एकालाच धरून बसतात. घरी मोबाइलच्या अॅपने सेन्सर पकडून ठेवला असेल तर रस्त्यावर कॉम्प्युटरला तो सापडत नाही, आणि माणूस नव्या बॅटरीसाठी दुकान शोधत फिरतो.

अँट प्लसच्या निरोपात फेऱ्यांसाठी जागा मर्यादित असते. मोजणी ६५,५३५ पर्यंत जाते आणि पुन्हा शून्यावर येते. २,१०५ मिलिमीटरच्या चाकाला हे सुमारे १३८ किलोमीटर झाले, म्हणजे बेटाची एक प्रदक्षिणा आणि वर थोडे. वेळेचा आकडा तर दर ६४ सेकंदांनी शून्यावर येतो. ही उलटी उडी कशी वाचायची ते कॉम्प्युटरला शिकवलेले असते, म्हणून आपल्याला ती कधी दिसत नाही.

आणखी एक गोष्ट यातून उलगडते. सिग्नलला सायकल थांबली तरी पडद्यावरचा वेग क्षणभर तसाच का राहतो? डबीला थांबणे मोजता येत नाही, नवा फेरा न येणे एवढेच तिला कळते. एक-दोन सेकंद वाट पाहूनच कॉम्प्युटर शून्य दाखवतो. कॅडन्सचे तर आणखी स्पष्ट आहे. ८० च्या कॅडन्सला एक फेरा पाऊण सेकंदाचा असतो, तेव्हा त्याहून जलद बातमी मिळण्याचा प्रश्नच नाही.

परिघ आपण भरायचा असतो

या सगळ्या साखळीत एकच आकडा तुमच्याकडून येतो: चाकाचा परिघ. तो चुकला तर पुढचे सगळे बिनचूक गणित चुकीचे उत्तर देते.

रोड सायकलच्या टायरवर २५-६२२ असे काही छापलेले असते. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. २५-६२२ ला तक्त्यांत बहुधा २,१०५ मिलिमीटर परिघ दिलेला सापडतो, २८-६२२ ला २,१३६, आणि ३२-६२२ ला २,१५५. आता समजा, तुआसच्या ट्रेलरांनी खडबडीत केलेल्या कडांना वैतागून कोणी २५ चे टायर काढून ३२ चे घातले आणि कॉम्प्युटरमधला आकडा तसाच ठेवला. फरक जेमतेम अडीच टक्क्यांचा; पण शंभर किलोमीटरच्या फेरीत पडदा सव्वादोन किलोमीटरहून थोडे जास्तच कमी दाखवील.

फोल्डिंग सायकलचा घोळ याहून मोठा असतो. सिंगापूरच्या एमआरटीत घडी केलेली सायकल नेता येते, मात्र ती १२० × ७० × ४० सेंटिमीटरच्या आत बसली पाहिजे. पूर्व-पश्चिम मार्गिका २०१७ मध्ये तुआस लिंकपर्यंत आली, तेव्हापासून घडीची सायकल घेऊन थेट तुआसला उतरता येते. अशा वीस इंची चाकाचा परिघ साधारण दीड मीटर असतो. मोठ्या सायकलीवरची डबी काढून याला बांधली आणि परिघ बदलायचे राहून गेले, तर खरा वेग २० असताना पडदा २८ दाखवतो. माणूस घरी जाऊन बढाई मारतो, आणि त्याचे त्यालाही खरे वाटते.

तक्त्यापेक्षा स्वतः मोजलेला परिघ चांगला, कारण टायरमधली हवा आणि स्वाराचे वजन यांनी चाक थोडे दबते. मोजायला एक खडू आणि एक टेप पुरते. पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह बरोबर खाली आणायचा, त्या जागी जमिनीवर खडूची रेघ. मग सायकलवर नेहमीसारखे बसायचे, कोणाला तरी आधाराला घ्यायचे आणि सरळ रेषेत व्हॉल्व्ह पुन्हा खाली येईपर्यंत पुढे जायचे. तिथे दुसरी रेघ. अंतर मिलिमीटरमध्ये मोजायचे. दोन-तीन फेरे घेऊन भागले की चूक आणखी कमी होते. डबी मागच्या हबला असेल तर मोजायचे चाकही मागचे.

आता बरेच कॉम्प्युटर हा आकडा जीपीएसच्या मदतीने आपोआप काढतात. मोकळ्या आकाशाखाली सरळ रस्त्यावर काही अंतर चालवले की जीपीएसचे अंतर आणि डबीचे फेरे यांच्या भागाकारातून परिघ निघतो. तुआस साउथच्या लांब सरळ पट्ट्या या कामाला उत्तम.

जीपीएस असताना डबी कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. २००५ मध्ये गार्मिनची एज ही मालिका आली तेव्हापासून जीपीएसवाला सायकल कॉम्प्युटर सामान्य माणसाच्या आवाक्यात येत गेला, आणि त्याला वेगासाठी चाकाची गरज नाही. मग एवढी उठाठेव का?

उत्तर तुआसच्याच रस्त्यावर आहे. आयर राजा एक्स्प्रेसवे तुआसच्या नाक्यापर्यंत जातो, पण सिंगापुरात एक्स्प्रेसवेवर सायकलला बंदी आहे. म्हणून सायकली पायोनिअर रोडसारख्या खालच्या रस्त्यांनी येतात. तुआस लिंकला जाणारी एमआरटी बांधताना याच भागात दुमजली पूल उभारला गेला: सर्वात वर रेल्वे, तिच्या खाली मोटारींचा उड्डाणपूल, आणि त्याच्याही खाली जमिनीवरचा रस्ता. साडेसात किलोमीटरच्या या वाढीव मार्गातला ४.८ किलोमीटरचा भाग असा आहे. खालून सायकल चालवणाऱ्याच्या डोक्यावर काँक्रीटचे दोन थर असतात.

जीपीएसला उपग्रहांचा क्षीण संदेश थेट आकाशातून लागतो. पुलाखाली तो अडतो, किंवा खांबांवर आपटून वाकडा येतो. मग वेग १५ वर घसरतो, लगेच ४० वर उडी मारतो, आणि नकाशावरची रेघ शेजारच्या कारखान्याच्या आवारातून जाऊन येते. चाकावरच्या डबीला या सगळ्याशी देणेघेणे नाही. आकाश असो वा नसो, तिचे फेरे चालूच. ती जोडलेली असेल तर कॉम्प्युटर सहसा वेग आणि अंतर तिच्याकडूनच घेतो आणि जीपीएसचे काम फक्त नकाशापुरते ठेवतो.

पाऊस हे दुसरे कारण. तुआसला पहाटे पश्चिमेला सुमात्राकडून वादळी पाऊस आला की तासभर बाहेर पडणे शहाणपणाचे नसते. घरात ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, सायकल लावली तर जीपीएसला सायकल जागची हललेली दिसत नाही. मागच्या चाकावरची डबी मात्र तिथेही इमानाने मोजते.

वारा दोन्हीकडून पैसे घेतो

आता त्या ३८ आणि २२ च्या कोड्याकडे येऊ. तुआसला घाट नाही, पण वारा आहे. डिसेंबर ते मार्च ईशान्येकडून, जून ते सप्टेंबर आग्नेय-दक्षिणेकडून. आणि समुद्रात भर घालून काढलेल्या मोकळ्या जमिनीवर त्याला अडवायला फारसे काही नाही.

एक ढोबळ हिशेब मांडू. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो, सपाट रस्ता, हात ब्रेकच्या हुडवर, पायांची ताकद सतत १५० वॅट. वारा पडलेला असेल तर वेग ताशी तिसाच्या आसपास राहील. समोरून १५ किलोमीटरचा वारा आला तर तीच ताकद २२ वर येईल, आणि तोच वारा पाठीशी असेल तर ४० गाठेल. पायांनी एका कणाचाही फरक केलेला नाही.

जाताना गमावले ते येताना मिळाले, असे मनाचे समाधान करून घेणेही बरोबर नाही. २० किलोमीटर २२ ने आणि २० किलोमीटर ४० ने गेले तर सरासरी ३१ येत नाही, २८ येते. कारण मंद वेगात जास्त वेळ घालवलेला असतो. वारा पडलेल्या दिवशी हीच फेरी ३० ने झाली असती. म्हणजे जाऊन-येऊन प्रवासात वाऱ्याचा व्यवहार नेहमी तोट्याचाच.

मग वेगाच्या आकड्याला धरून सायकल चालवली तर काय होते? वारा समोर आला की माणूस ३० टिकवायला जीव काढतो आणि परतीला पाठीच्या वाऱ्यावर ४० बघून आपण फार जोरात आहोत अशा समजुतीत निवांत होतो. मेहनत जिथे जपून करायची तिथे उधळली, आणि जिथे थोडी करता आली असती तिथे केलीच नाही.

कॅडन्स अशा वेळी कामाला येतो. वर सांगितलेल्या स्वाराने पुढची ५० दात्यांची चकती ठेवली, समोरच्या वाऱ्यात मागे २४ दात्यांचा गिअर टाकला, तर २२ च्या वेगाला पाय मिनिटाला ८४ फेरे मारतील. परतीला मागे १४ चा गिअर टाकला, तर ४० च्या वेगाला ८९. वेग जवळपास दुप्पट झाला, पण पायांची लय त्याच पट्ट्यात राहिली. वेग हा रस्ता, वारा, टायर आणि पाय या सगळ्यांचा मिळून झालेला निकाल असतो. कॅडन्स तुम्ही गिअर बदलून त्याच क्षणी हातात घेऊ शकता.

किती फेरे बरे?

क्रँकची लांबी बहुधा १७० मिलिमीटरच्या जवळपास असते. १७२.५ मिलिमीटर धरू, आणि ताकद तीच १५० वॅट. मिनिटाला ६० फेरे मारले तर पायडलवर सरासरी १४ किलोंचा दाब लागतो. ९० फेरे मारले तर साडेनऊ किलोंचा. काम तेच, पण ६० ला स्नायू आणि गुडघे प्रत्येक ढकलीला जास्त ओझे घेतात, तर ९० ला ते ओझे हलके होऊन हृदय आणि फुप्फुसांकडे सरकते. तुआसच्या दमट उकाड्यात हा व्यवहार डोळसपणे करावा लागतो. गिअर फार हलका ठेवून १०५ ने पाय गरगरवले तर नाडी चढत जाते, आणि घाम वाळायला हवा कोरडी नाही.

म्हणून एकच आदर्श आकडा सांगणारा सल्ला जपूनच घ्यावा. प्रयोगशाळेत पाहिले तर कमी ताकदीला सर्वात कमी ऑक्सिजन लागतो तो ६० च्या आसपासच्या फेऱ्यांना. तरीही मुरलेले सायकलस्वार बहुधा ८० ते १०० च्या दरम्यान राहतात, कारण त्यांना तासन्‌तास पाय ताजे ठेवायचे असतात. १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत एडी मर्क्सने तासाभरात ४९.४३१ किलोमीटर सायकल चालवून विक्रम केला, तो ५२ आणि १४ दात्यांच्या गिअरवर. गिअर आणि अंतरावरून हिशेब काढला तर त्याचे पाय तासभर मिनिटाला सुमारे १०४ फेरे मारत होते. २०२२ मध्ये फिलिप्पो गान्नाने ५६.७९२ किलोमीटर गाठले, पण त्याहून मोठ्या गिअरवर, शंभराच्या आतल्या कॅडन्सने. दोघेही आपापल्या काळचे शिखर, आणि दोघांची लय वेगळी.

साध्या माणसाने सुरुवातीला एवढेच करावे: काही दिवस मुद्दाम काही न बदलता आपला नेहमीचा कॅडन्स पाहावा. बहुतेकांचा ६० ते ७० निघतो, कारण जड गिअरवर दाबून चालवले की ‘जोर लावला’ असे वाटते. मग एक गिअर हलका करून तो पाच-दहा फेऱ्यांनी वाढवावा. सीटवर उड्या बसू लागल्या तर समजावे, पायांना अजून सवय नाही. थोडे खाली यावे.

सरासरी वाचताना

रोजच्या वापरात सर्वात जास्त फसवणूक सरासरी करते, आणि तिच्या फसवणुकीच्या दोन जागा आहेत.

पहिली थांबण्याची. तुआसच्या चौकाचौकांत सिग्नल. कॉम्प्युटरमध्ये आपोआप थांबण्याची सोय चालू असेल तर उभ्या सायकलीचा वेळ तो मोजत नाही, आणि सरासरी छान दिसते. व्यायामासाठी ते ठीक. पण ठरलेल्या मुदतीत लांब पल्ला पुरा करायच्या ब्रेव्हेसारख्या प्रकारात घड्याळ थांबत नाही. २०० किलोमीटरला साडेतेरा तास आणि ६०० किलोमीटरला ४० तास, चहा-भजी-पंक्चरसकट. ६०० ची मुदत गाठायला एकूण सरासरी फक्त १५ लागते. पण पडद्यावर २४ ची चालती सरासरी पाहून निर्धास्त झालेला माणूस टपऱ्यांवर तासच्या तास हरवून बसतो.

लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये महाराष्ट्राने नाव काढले आहे. अमेरिका आडवी ओलांडणारी, सुमारे ४,८०० किलोमीटरची रॅम ही शर्यत २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघातून पुरी केली. २०१७ मध्ये नाशिकचे श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्याने पुरी केली. एकट्या स्वाराला बारा दिवसांची मुदत असते. म्हणजे रोज ४०० किलोमीटर, झोप धरून. एवढ्या पल्ल्यावर एखाद्या तासाच्या वेगाला फार किंमत राहत नाही. पाय आणि वेळ दोन्ही जपावे लागतात.

फसवणुकीची दुसरी जागा शून्याची. पायडल न मारता सायकल घरंगळत असेल तेव्हा कॅडन्स शून्य. ही शून्ये सरासरीत धरायची की वगळायची, हे कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये ठरवता येते. सिग्नलांच्या रस्त्यावर तीच फेरी शून्ये धरून ७२ आणि वगळून ८५ दिसू शकते. दोन्ही आकडे खरेच. तुलना करताना मात्र एकच पद्धत ठेवायची.

निगा आणि जोडणी

बहुतेक डब्यांत सीआर २०३२ ही बटणासारखी बॅटरी असते आणि ती महिनोन्‌महिने चालते. ती संपत आली की सेन्सर एकदम बंद पडत नाही. आधी आकडे मधूनच गायब होतात. अशा वेळी कॉम्प्युटरला दोष देण्याआधी बॅटरी बदलून पाहावी. झाकणाखालची रबरी चकती नीट बसलेली पाहावी, कारण घाम आणि खारी हवा आत शिरली तर धातू गंजतो. लहान मुलांनी गिळू नये म्हणून काही बॅटरींना कडू लेप दिलेला असतो. त्याने काही यंत्रांत जोड नीट होत नाही. नवी बॅटरी घालूनही डबी मेलेलीच राहिली तर लेप हलक्या हाताने पुसून पाहावा. बॅटरी घरात ठेवायची ती मात्र मुलांच्या हाताबाहेरच.

सेन्सर पहिल्यांदा जोडायचा तो घरी, एकटे असताना. तुआस लिंकच्या बाहेर दहा जण जमलेले असताना जोडणी केली तर यादीत दहा डब्या दिसतात आणि मित्राचा कॅडन्स तुमच्या पडद्यावर येतो. प्रत्येक डबीला स्वतःचा क्रमांक असतो, तो कुठेतरी लिहून ठेवावा. डबी झोपलेली असेल तर आधी चाक फिरवून, पायडल मारून तिला जागे करावे लागते. क्रँकवरची डबी बसवल्यावर पायडल सावकाश उलटे फिरवून ती मागच्या दांड्याला घासत नाही ना, हेही पाहून घ्यावे.

पडद्यावर काय ठेवावे

सिंगापुरात वेगाच्या आकड्याला कायद्याचीही बाजू आहे. सायकलमार्गांवर ताशी २५ ची मर्यादा आहे आणि पदपथांवर, फेब्रुवारी २०१९ पासून, १० ची. रस्त्यावर हेल्मेट सक्तीचे आहे, आणि जानेवारी २०२२ पासून एका रांगेत पाच किंवा दोघे-दोघे मिळून दहा, याहून मोठा गट चालत नाही. तेव्हा सायकलमार्गावर असताना वेगाचा आकडा वर आणि ठळक हवा, आणि तो खरा निघण्यासाठी परिघही खरा हवा.

तुआसच्या मोकळ्या रस्त्यावर आलात की मांडणी बदला. सर्वात वर कॅडन्स, त्याखाली एकूण वेळ, वेग तिसऱ्या जागी. बहुतेक कॉम्प्युटरमध्ये असे दोन वेगळे पडदे करून ठेवता येतात आणि एका बटणाने बदलता येतात. नवे यंत्र घेताना रंगीत नकाशापेक्षा ही मांडणी बदलण्याची सोय आणि अँट प्लस व ब्लूटूथ या दोन्ही भाषा ऐकण्याची क्षमता आधी तपासावी. कॅडन्स असा वर ठेवला की वारा समोरून आल्यावर तो ८० च्या खाली घसरताना दिसेल. तेव्हा एक गिअर हलका करा आणि वेगाला जे व्हायचे ते होऊ द्या.